खोली जमली नाही म्हणून

ता. ९ नोव्हेंबर

ठमे,

तू दारात उभी राहून विचारलंस आणि मी "टॅक्सी आली" एवढंच म्हणालो. टॅक्सी खरंच आली होती, पण ते उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं. मला तोंडावर बोलायला जमत नाही हे तुला माहीत आहे. सारा जन्म कचेरीत नकाशे काढण्यात गेला. नकाशाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच ती नोकरी मला मानवली असावी.

तू म्हणालीस, "पाच वर्षांची होते तेव्हा परकी भाषा शिकायला बसवलंत. मला इथून घालवायचं तेव्हाच ठरलं होतं ना?" मग बॅगेची चेन लावता लावता म्हणालीस, "मी माझ्या मुलीला असं काही करणार नाही. एक घर, एक भाषा. आपली भाषा तिला शिकवणार नाही. दोन्हीकडे अर्धं अर्धं राहायची पाळी तिच्यावर नको."

पहिलं तू खरं तर आईला विचारत होतीस. तिला जाऊन तेव्हा पंधरवडासुद्धा झाला नव्हता. दुसरं मला लागलं, कारण तुझ्या छोटीशी बोलायला माझ्याकडे ही एकच भाषा आहे. ती तिला आली नाही, तर आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो.

म्हणून लिहायला बसलो आहे. एका दमात होणार नाही, जमेल तसं लिहीन.

आधी लोकांना आम्ही कोणती कारणं सांगितली ते सांगतो. ती साफ खोटी नव्हती, पण खरीही नव्हती. तुझ्या अण्णाआजोबांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली होती.

"हिला अजून स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, आणि परकी भाषा कसली?"

आई म्हणाली, "अण्णा, लहानपणी दोन भाषा शिकल्या की बुद्धी तल्लख राहते म्हणतात. म्हातारपणी विसरायला होत नाही."

"मग मलाच घाल की क्लासला. मी आत्ता स्वयंपाकघरात कशाला आलो होतो तेच आठवत नाही."

"भांडायला."

"हां, बरोबर," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा पोहायला जायचा. त्या जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय, पोरगी परदेशी पाठवणार वाटतं?" आई म्हणाली, "बघू. तुमचा मुलगा पोहत जाणार असेल तर सोबत होईल." काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. मी माझ्या साहेबांना सांगितलं की लहान वयात उच्चार चांगले बसतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

तुला सांगितलं की तिथे बिस्किटं मिळतात. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

तुझी निळी छत्री इथेच राहिली. तिची एक काडी निखळली होती, ती बसवून घेतली आहे.

बाबा


ता. १७ नोव्हेंबर

ठमे,

आता खरं कारण.

आपलं ते जुनं घर तुला आठवतं, पण तू ते खालून पाहिलेलं आहेस, मी वरून. मला त्याचा नकाशा डोळे मिटून काढता येतो. बाहेरच्या खोलीत अण्णांची कॉट, रेडिओ आणि येणारे-जाणारे. आतल्या खोलीत आपण तिघं, कपाट आणि शिवणाचं मशीन. मग स्वयंपाकघर. दार असं एकच, घराचं. बाकी सगळीकडे पडदे.

तू जेवणाच्या टेबलाखाली चादर लावून बसायचीस. "आत कोणी यायचं नाही" असा हुकूम असायचा. एके दिवशी अण्णांचे मित्र आले होते. त्यांनी गंमत म्हणून चादर वर केली. तू बाहुलीला काहीतरी सांगत होतीस. काय, ते मला आठवत नाही, पण सगळे हसले. मीही हसलो असेन. तू चादर काढलीस, घडी केलीस आणि कपाटात नेऊन ठेवलीस. पाच वर्षांच्या मुलीने इतकी नीट घडी केलेली मी पाहिली नव्हती. पुन्हा कधी ती लावली नाहीस.

आई हसली नव्हती. ती सात भावंडांतली. तिच्या घरात रडायचं असलं तरी आधी जागा शोधावी लागायची. आणि नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परदेशी फोन जोडून द्यायच्या टेबलावर. लाइन चालू आहे का हे बघायला मधे मधे कान द्यावाच लागे. ती म्हणायची, "माणसं कुठून कुठून बोलतात हो. कोणी दुकानातून, कोणी दुसऱ्याच्या घरातून. आपलं म्हणून बोलायला जागा कोणालाच नाही."

त्या दिवशी सगळे गेल्यावर तिने माझ्यापुढे कागद ठेवला. "तुम्ही अख्ख्या गावाचे नकाशे काढता. हिला एक खोली काढून द्या."

मी काढायला बसलो. तो पूर्ण महिना कचेरीतून आलो की तेच काम. पार्टिशन इकडून घेतलं तर खिडकी जायची. तिकडून घेतलं तर कपाटाचं दार उघडेना. एका नकाशात अण्णांची कॉट भिंतीतून आरपार जात होती. अण्णांनी तो उचलून पाहिला आणि म्हणाले, "बरं आहे. पाय तुमच्यात ठेवतो, डोकं पाहुण्यांत."

शेवटी आईने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "राहू द्या. खोली जमत नाही ना? मग तिला भाषा देऊ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अशी भाषा, जी ह्या घरात कोणाला येत नाही. त्यात ती काय बोलते, कोणाला कळणार नाही. अण्णांना नाही, तुम्हाला नाही, मलासुद्धा नाही. चादर वर करायला कोणाला जमणारच नाही."

मी म्हटलं, "एवढ्याशा पोरीला आईबापांपासून लपवायचं तरी काय असणार?"

"आज नसेल. लागेल तेव्हा बांधायला घेतली तर उशीर होईल ना."

ठमे, एवढंच कारण होतं. त्यात परदेश नव्हता. तू तिथे जाऊन राहशील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने तुला घरातच खोली काढून दिली होती.

बाबा


ता. १ डिसेंबर

ठमे,

तुझा "वाचलं" एवढाच निरोप आला. हरकत नाही. ही सवय तुला माझ्याकडून लागली आहे.

काल आईचं कपाट आवरलं. फार काही केलं नाही, एक कप्पा केला आणि बंद केलं. लँडलाइन चालू ठेवली आहे. सगळे म्हणतात बंद करा, कोण वापरतं. पण ती रोज सकाळी रुमालाने रिसीव्हर पुसायची, ते काम आता माझ्याकडे आलं आहे.

कपाटात तुझं एक कार्ड सापडलं, चमच्याचं चित्र असलेलं. तुझ्या क्लासच्या टाचणीबाईंचं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, तुम्ही मुलं म्हणायचात तेच आम्ही म्हणायला लागलो. त्या प्रत्येक मुलाच्या कपड्यावर एक चित्र टाचणीने लावायच्या आणि पुढच्या तासापर्यंत त्या मुलाने ती वस्तू व्हायचं. घरच्यांनीही त्याच नावाने हाक मारायची. पहिल्या दिवशी तू चमचा होऊन आलीस. चित्राखालचा शब्द आम्हाला वाचता येईना, म्हणून आई तुला "अगं ए चित्र" म्हणत होती. रात्री झोपतानाही तू ते काढू दिलं नाहीस.

मग त्यांनी सांगितलं की आठवड्यातून एक जेवण असं ठेवा, की मुलगी फक्त त्या भाषेत बोलेल. आपण गुरुवार ठरवला. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं मुका वार, कारण तू बडबडायचीस आणि आम्ही तिघं मुक्यासारखे बसायचो. हाताने खूण करायची नाही असाही नियम होता. तू दोन्ही हात मागे बांधून काहीतरी मागायचीस. आई पाण्याचा तांब्या पुढे करी. तू मान हलवायचीस. मी लिंबू द्यायचो. पुन्हा मान हलायची. अण्णा गंभीरपणे आपली कवळी काढून पुढे करायचे. "ही पाहिजे का?" तू हसून हसून खुर्चीवरून घसरायचीस.

तुला हवं असायचं मीठ. दर गुरुवारी मीठच. मला वाटतं, आई मुद्दाम कमी घालायची.

तो शब्द आम्हाला महिन्याभरात पाठ झाला होता. तरी आई दर वेळी आधी तांब्याच उचलायची. तिला अजून कळत नाही असं तुला वाटायचं. तिला पहिल्या गुरुवारीच कळलं होतं.

त्या भाषेतली दोनच वाक्यं तिला येत होती, कामावरची. एक, "थांबा, जोडून देते." दुसरं, "जोडलं आहे, बोला." तू काहीही मागितलंस की ती ऑफिसच्या आवाजात पहिलं वाक्य म्हणायची आणि वस्तू तुझ्यासमोर आली की दुसरं. पहिलं माझ्या कानात पक्कं आहे. दुसरं ती हळू म्हणायची, ते काही केल्या आठवत नाही. अर्थ तेवढा राहिला आहे.

इकडे थंडी पडली आहे. तुझ्याकडे जास्त असेल.

बाबा


ता. १५ डिसेंबर

ठमे,

तुझं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तू मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, म्हणून दोनदा वाचलं. नंतरही वाचलं.

तू लिहितेस, "खोली दिलीत, मग एकदाही दार का वाजवलं नाहीत? शाळेत मी त्या भाषेत नाटक केलं, तुम्ही मागच्या रांगेत बसून नुसते टाळ्या वाजवत होतात. मी पुस्तकं आणायचे, आई धूळ झटकून परत जागेवर ठेवायची. यात काय आहे गं, असं एकदाही विचारलं नाही. मी फोनवर मैत्रिणींशी बोलायला लागले की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि भांडी आपटायची. माझा आवाजही तिला नको असायचा."

भांड्यांचं तेवढं मी सांगू शकतो.

टाचणीबाईंनी पहिल्याच वर्षी आम्हाला म्हटलं होतं, "तुम्ही दोघंही बसा ना मागच्या बाकावर. मुलीबरोबर शिकाल, फी नको." मला वाटलं, आई लगेच हो म्हणेल. तिला शिकायची हौस होती. ती "नको" म्हणाली आणि चपला घालायला लागली. परत येताना गल्लीत मी विचारलं, तर म्हणाली, "आपण आत शिरलो की ती खोली तिची कशी राहील?"

पण तिचा कान एक्स्चेंजचा. एकदा ऐकलेला आवाज तिला चिकटायचा. तू फोनवर बोलायला लागलीस की तिच्या चेहऱ्यावर मला दिसायचं, एखादा शब्द सुटा होतो आहे, आता कळेल. मग ती उठायची, नळ सोडायची, भांडी घ्यायची. घासलेलीच पुन्हा घासायची. तू खोलीत आहेस आणि तिला बाहेर थांबायचं आहे, म्हणून तो आवाज. तुझा आवाज नको म्हणून नव्हे.

मी एकदा म्हटलं, "अगं, तिला वाटेल तू रागावलीस."

"वाटू दे. मोठी झाली की कळेल."

तू मोठी झालीस आणि इथून निघूनच गेलीस. मग कोणी कोणाला काही सांगितलं नाही. ती जेवढी बाहेर थांबत होती, तेवढी तू आतून वाट बघत होतीस, हे मला तुझ्या पत्रावरून समजलं. चूक म्हणायची असेल तर म्हण. पण माणसं वाजवून वाजवून दारं मोडतात. न वाजवण्याची चूक आपल्याच घरात होऊ शकते.

नाटकाचं म्हणशील तर टाळ्या मी वाजवत होतो. आई वाजवत नव्हती. तिने दोन्ही हात मागे बांधले होते, मुक्या वारासारखे. ते तुला मंचावरून दिसलं नसेल.

बाबा


ता. ४ जानेवारी

ठमे,

तू काल कळवलंस ते वाचल्यापासून मला दुसरं सुचत नाही. छोटी कोणालाच फोन बंद करू देत नाही, तुझ्या ऑफिसचा असला तरीही. का, म्हणून विचारलंस तर म्हणते, आजीने थांबायला सांगितलं आहे, ती जोडून देते आहे.

ती दुपार मला आठवते. आपण दोघांनी त्या दुपारचा विषयही काढलेला नाही, म्हणून आता लिहितो. हॉस्पिटलमध्ये तुझा फोन आला, तू छोटीकडे दिलास. ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी फोन आईच्या कानाशी धरला होता. आईने मास्क बाजूला केला आणि तिचं ते पहिलं वाक्य म्हणाली. आवाज बसला होता, तरी अगदी ड्यूटीवरच्यासारखा, स्वच्छ. मला वाटलं, नातीला हसवते आहे. तेवढ्यात नर्स आली. "आजी, बोलायचं नाही हं आता." तिने मास्क लावला. मी फोन बंद केला. संध्याकाळपासून आई बोललीच नाही.

म्हणजे छोटी तेव्हापासून लाइनवर थांबलेली आहे.

आज सकाळी मी टाचणीबाईंकडे गेलो. त्याच गल्लीत, त्याच घरात आहेत. हात थरथरतात, पण नजर तशीच. मला पाहून म्हणाल्या, "चमच्याचे वडील ना? मागच्या बाकावर बसायला फार वेळ घेतलात."

आई गेल्याचं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "त्यांनी मला एकदा विचारलं होतं, मुलगी कशी बोलते म्हणून. काय बोलते असं नाही विचारलं. कशी बोलते. मी म्हटलं, मोकळी बोलते. त्यावर एवढ्या खूश झाल्या की निघताना पर्स इथेच विसरल्या."

मी आईचं ते दुसरं वाक्य मागितलं, "जोडलं आहे, बोला" हे. त्यांनी आधी कपाटातून डबा काढला, त्यातलं टेलिफोनचं चित्र शोधलं आणि माझ्या शर्टाला टाचणीने लावलं. हाताच्या थरथरीने थोडी मलाही लागली. "नियम म्हणजे नियम," म्हणाल्या. मग ते वाक्य माझ्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं की घसा कोरडा पडला. "तुमची जीभ नकाशासारखीच सपाट आहे हो," असंही म्हणाल्या. शेवटी "पोरीला कळेल" इतपत झालं. उठताना बिस्किट मिळालं.

परत येताना चित्र काढायला विसरलो. वाण्याने विचारलं, "काका, नवीन फोन घेतला का?" मी हो म्हटलं.

रविवारी दुपारी लँडलाइनवरून फोन करीन. तू उचल आणि छोटीकडे दे. काही समजावून सांगू नकोस. मी ते एक वाक्य म्हणेन. पुढे माझ्याकडे त्या भाषेतलं काहीच नाही, मी मुका. तिला जे बोलायचं असेल ते बोलू दे, मी ऐकेन.

आपल्या भाषेचं तू ठरव. तुझी मुलगी आहे. मी आता त्यावर काही म्हणणार नाही.

बाबा


ता. १२ जानेवारी

ठमे,

तू तिथेच होतीस, तरी लिहून ठेवतो. फोनवर सगळं भराभर होऊन जातं.

वाक्य मी आपल्या अक्षरांत मोठं लिहून फोनसमोर चिकटवलं होतं. तरी शेवटचा शब्द घसरलाच. पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, चुकलं. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि सुरू झाली. किती बोलली! एक अक्षर कळलं नाही. मधे एकदा ती रडकुंडीला आली, मग काहीतरी मोजल्यासारखं बोलली, मग बहुतेक एक गाणं होतं. हे सगळं आजीसाठी साठवून ठेवलेलं असणार. मी मधे मधे "हं" म्हणत होतो. हं सगळीकडे चालतं, असं दिसतं.

मग ती थांबली. मागून तुझा आवाज आला, हळू. काय सांगितलंस ते ऐकू आलं नाही. मी कान दिला नाही.

आणि छोटी म्हणाली, "मीठ द्या."

आपल्या भाषेत. ठ जरा जड गेला, पण मीठच.

मी मीठ आणायला उठणारच होतो. मग आईची आठवण झाली आणि मी म्हटलं, "पाणी?"

"नाही!"

"लिंबू?"

"नाही! मीठ!" आणि ती हसायला लागली, खुर्चीवरून घसरल्याचा आवाजही आला. तू हसत होतीस की काय ते मला नीट कळलं नाही. एवढा वेळ हात मागे बांधून तर उभी नव्हतीस?

मी स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी घेऊन आलो आणि रिसीव्हरशेजारी ठेवली. बरणी ठेवल्याचा आवाज तिला ऐकवला. "घे," म्हटलं.

बरणी अजून तिथेच आहे. जेवताना मीठ लागलं की मला उठून फोनपर्यंत जावं लागतं.

बाबा